बाळाचा भार कुणावर?
वाशी-नेरूळच्या लोकलमध्ये ऐन गर्दीत बाबागाडी कुचकामीच. बाळ अंगाशी बांधावं लागतं. कॅरियर घेताना मात्र पट्ट्यांच्या गुबगुबीतपणापेक्षा बाळाची बैठक पाहावी: मांड्यांना गुडघ्यांपर्यंत आधार, गुडघे ढुंगणाहून किंचित वर, हनुवटी छातीपासून सुटी. पाय नुसते लोंबकळले तर कोवळ्या खुब्यांवर ताण येतो. रुंद कंबरपट्ट्यामुळे भार कमरेवर जातो, खांदे वाचतात. खाडीकाठच्या दमट हवेत जाड फोम कशाला? सुती कापडच बरं. ‘अंगाची सवय लागेल’ ही आजीची धास्ती समजण्यासारखी आहे. पण १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या माँट्रियलच्या अभ्यासात जास्त वेळ अंगावर घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. पोटशूळाच्या रडण्यावर मात्र नंतरच्या अभ्यासात हा उपाय लागू पडला नाही.