इवल्याशा बेटावरची चैन

चहूकडे निळाई, पायाखाली पांढरी वाळू आणि पाहुणे मोजकेच. मालदीवच्या बेटावरील निवांतपणाचे मोल पैशांत चुकते करता येते; पण तो टिकवायला पैशांखेरीज आणखीही काही लागते.

मालेजवळच्या विमानतळावरून सी-प्लेन उडाले, की थोड्याच वेळात निळ्या पाण्यावर फिकट हिरव्या बांगड्या मांडून ठेवल्यासारखे दृश्य दिसते. ही प्रवाळांची वलये. अशा २६ वलयांत विखुरलेल्या सुमारे १,२०० बेटांचा देश म्हणजे मालदीव. अशा वलयाला इंग्रजीत ‘अ‍ॅटॉल’ म्हणतात. तो शब्दही इथल्या दिवेही भाषेतूनच गेलेला!

विमान पाण्यावरच उतरते. लाकडी धक्क्यावर स्वागताला कोणीतरी शहाळे घेऊन उभे असते. एकदा चपला काढल्या, की परतीच्या दिवसापर्यंत त्यांची आठवण होत नाही. बेट तरी केवढे? रमतगमत प्रदक्षिणा घातली, तरी वीसेक मिनिटांत निघालेल्या जागी परत! ना गाव, ना बाजार, ना रिक्षाचा भोंगा. दोन दिवसांत वाढप्याला तुमच्या चहातली साखर पाठ होते आणि मुलांना खेकड्यांची बिळे.

एक बेट, एक रिसॉर्ट

१९७२ साली मालेजवळच्या विहामानाफुशी बेटावर ‘कुरुंबा’ हे देशातले पहिले रिसॉर्ट सुरू झाले, तेव्हा त्यात अवघ्या ३० खोल्या होत्या. भिंती प्रवाळी दगडांच्या, छपरे झावळ्यांची. पुढे एका बेटावर एकच रिसॉर्ट ही रीत पडली. इमारतींनी झाडांच्या शेंड्यांवर डोके काढू नये, बेटाचा मोठा भाग मोकळा राहावा, असे नियमही झाले. आज अशी दीडशेहून अधिक रिसॉर्ट आहेत. तरी लहान बेटावर शेजाऱ्याची चाहूल लागत नाही, ती या रीतीमुळेच.

निघण्यापूर्वीचा हिशेब

जाहिरातीतला आकडा शेवटचा नसतो. त्यावर १७ टक्के पर्यटन कर आणि १० टक्के सेवाशुल्क चढते. शिवाय माणशी दर रात्रीला १२ डॉलर हरित कर. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला चार रात्रींचे १९२ डॉलर या एकाच खाती! सी-प्लेनचे भाडे अनेकदा वेगळे असते आणि अंधार पडल्यावर ही विमाने उडत नाहीत. संध्याकाळी पोहोचणाऱ्यांनी एकतर मालेच्या परिसरात रात्र काढावी किंवा स्पीडबोटीने गाठता येणारे जवळचे बेट निवडावे.

बेटावर दुसरी खाणावळ नसते, त्यामुळे जेवणासह दर ठरवलेला बरा. शाकाहारी असाल तर तसे आधीच कळवा. पाण्यावरच्या खोल्या चित्रात मोहक दिसतात, पण त्यांच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. लहान मुले बरोबर असतील तर किनाऱ्यावरची खोली घ्यावी. सामानात मद्य नेता येत नाही, पूजेची मूर्तीही नेण्यास मनाई आहे. डिसेंबर ते एप्रिल हे कोरडे महिने. दरही तेव्हाच चढे.

गोड्या पाण्याची साय

या बेटावर नदी नाही, तळे नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखे तरंगते. ही साय जास्त उपसली, की खारे पाणी वर आलेच. म्हणून रिसॉर्ट समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करते आणि ती यंत्रे बहुतेक ठिकाणी डिझेलच्या विजेवर चालतात. नळातून वाहणारी प्रत्येक बादली अशी इंधन जाळून आलेली असते.

४ डिसेंबर २०१४ रोजी मालेतील पाणी गोडे करणाऱ्या केंद्राला आग लागली आणि राजधानीचे नळ कोरडे पडले. तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी पिण्याचे पाणी धाडले होते. स्वयंपाकघराचेही तेच. १९८१च्या व्यापार करारानुसार तांदूळ, गव्हाचे पीठ, डाळ, बटाटे, कांदे भारतातून मालदीवला जातात. पाहुण्याच्या ताटातला बहुतेक घास समुद्र ओलांडून आलेला असतो आणि मागे उरलेला कचरा पुन्हा समुद्रातूनच न्यावा लागतो.

प्रवाळ जगले, तर बेट जगेल

बेटाभोवतीची प्रवाळाची भिंत जिवंत आहे. लाटांचा मार ती आपल्या अंगावर घेते. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात, त्याचाच भुगा होऊन पांढरी वाळू बनते. १९९८ साली समुद्र तापला आणि इथल्या उथळ पाण्यातले बहुतेक प्रवाळ पांढरे पडून मेले. सावरतात न सावरतात तोच २०१६मध्ये पुन्हा तसाच घाला पडला. या देशाची बहुतेक जमीन समुद्रापासून जेमतेम मीटरभर उंच. हा धोका जगाला कळावा म्हणून २००९च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने चक्क पाण्याखाली बैठक घेतली होती.

समुद्राचे तापमान काही पाहुण्यांच्या हाती नाही. पण पोहताना प्रवाळावर पाय न टेकणे, शंख-प्रवाळ पिशवीत न घालणे, क्रीम थापण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालणे, एवढे कोणालाही जमेल. खोली ठरवतानाच दोन प्रश्न विचारावेत: पिण्याचे पाणी काचेच्या बाटलीत मिळते का? वीज थोडी तरी सूर्यापासून घेता का? असे विचारणारी गिऱ्हाइके वाढली, की मालकालाही उत्तर शोधावे लागते.

ज्यांना हा खर्च झेपणार नाही, त्यांनी हिरमुसू नये. २००९पासून वस्तीच्या बेटांवरही घरगुती अतिथिगृहे सुरू झाली आहेत. तिथे अंगभर कपड्यांचा रिवाज पाळावा लागतो आणि मद्य मिळत नाही; पण समुद्र तोच, शिवाय शेजारी खरेखुरे गाव. किनाऱ्यावर जाळीच्या खुर्च्यांत गप्पा मारत बसलेली माणसे पाहिली, की या देशात केवळ पर्यटक नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या राहणारेही आहेत, हे मनोमन पटते. चार दिवसांचे पाहुणे परत जातात. त्यांना मात्र याच वाळूवर नांदायचे असते.