हिवाळ्यात घोड्याचे केस का भादरतात?

ब्रिटनमध्ये शरद ऋतू लागून दिवस आखडू लागले, की घोड्याच्या अंगावर दाट हिवाळी केस येतात. यामागे गारठ्यापेक्षा उजेडाचा हिशेब मोठा. रात्र लांबली की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन अधिक वेळ स्रवते आणि त्या इशाऱ्यावर अंगावरचे केस बदलतात. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू ते उभे करतात, त्यांत हवा कोंडते आणि ऊब टिकते. कुरणात मोकळ्या राहणाऱ्या घोड्याला याहून चांगली झूल नाही, त्याचे केस भादरूच नयेत.

अडचण होते ती कामाच्या घोड्याची. घोडा माणसासारखाच अंगभर घामाने निथळतो. दौडून आला की मानेवरचे, खोगिराखालचे आणि पोटाचे केस चिंब होऊन एकमेकांना चिकटतात. काही वेळाने वरून कोरडे वाटतात, पण बोटे आत घातली की मुळाशी ओल लागते. ओले केस ऊब धरत नाहीत. जानेवारीच्या संध्याकाळी असा घोडा तबेल्यात कितीतरी वेळ काकडत राहतो. खाल्लेला चारा अंग गरम ठेवण्यातच खर्ची पडतो आणि तो रोडावतो. भादरलेला घोडा कामात कमी तापतो, त्याला घाम कमी येतो आणि तो लवकर सुकतो. खराराही झटपट होतो. शिवाय कातडी नजरेला पडते: उवा, बुरशी, खोगिराने सोललेली जागा, सगळे वेळीच कळते. म्हातारपणी कुशिंगचा विकार जडलेल्या घोड्याचे लांब केस उन्हाळ्यातही गळत नाहीत. त्याला तर भादरल्यावर खरा आराम मिळतो.

किती भादरायचे हे कामावर ठरते. हलक्या कामाला गळ्याखालचा आणि पोटाकडचा पट्टा पुरतो. याला ‘ट्रेस क्लिप’ म्हणतात. गाडीच्या घोड्याचे ओढपट्टे जिथून जातात, साधारण त्या रेषेपर्यंत केस काढतात, म्हणून हे नाव. जोरकस कामासाठी ‘हंटर क्लिप’ असते. तिच्यात पायांचे केस काटे आणि चिखलापासून बचावासाठी राखतात, खोगिराखालचे घासू नये म्हणून.

मशीन केसांच्या उलट दिशेने चालवतात. घोडा आधी स्वच्छ आणि कोरडा हवा, नाहीतर धुळीने पाती बोथटतात. पाती तापतातही, म्हणून ती अधूनमधून हाताला लावून पाहावीत आणि तेल द्यावे; भाजलेला घोडा पुढच्या वेळी मशीनचा आवाज ऐकूनच बिथरतो. कानाच्या आतले केस आणि तोंडाभोवतीच्या मिशा काढू नयेत. मिशांनी घोडा नाकापुढचे, नजरेआडचे चाचपतो. त्या कापलेल्या घोड्याला आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 1 जुलै 2021 पासून स्पर्धेत मज्जाव केला आहे. वैद्यकीय कारण तेवढे अपवाद.

केस काढले की ऊब देण्याची जबाबदारी माणसावर येते. भादरून झूल न घालणे हा सरळ छळ आहे. तबेल्यात आणि बाहेर हवामानाप्रमाणे झूल बदलावी लागते, वैरणही वाढवावी लागते. पहिली भादरणी बहुधा ऑक्टोबरात होते आणि केस वाढतील तशी पुन्हा करतात. जानेवारीनंतर मात्र सहसा थांबतात, कारण तोवर उन्हाळी केस फुटू लागलेले असतात.