पस्तीस हजार किलोमीटरचा काठ

क्षेत्रफळात भारत जपानच्या जवळजवळ नऊपट आहे. किनाऱ्याचं गणित मात्र उलटं. नव्या मोजणीनुसार भारताचा किनारा ११,०९८ किलोमीटर, जपानचा बेटांसकट सुमारे ३५,०००! विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे, हे लक्षात घ्या. सायकलवर तंबू आणि शिधा लादून रोज ७० किलोमीटर कापले, तरी ५०० दिवस लागतील, तेही एकही सुट्टी न घेता. बेटं किती? २०२३पर्यंत आकडा ६,८५२ होता, फेरमोजणीत तो १४,१२५ झाला. नवी बेटं वर आली नव्हती, नकाशे बारीक झाले होते. मासेमारीची बंदरंच सुमारे २,८०० आहेत, म्हणजे सरासरी दर साडेबारा किलोमीटरला एक.

पण माझ्या मते या किनाऱ्याची खरी मोजणी आडवी नव्हे, उभी करायला हवी. ईशान्येच्या सानरिकू भागात डोंगर थेट समुद्रात उतरतात. रस्ता खिंडीतून खाली कोळीवाड्यात येतो आणि लगेच पुन्हा चढणीला लागतो. उतारावर एक पाटी दिसते: त्सुनामीचं पाणी आलेला टप्पा इथून सुरू. पलीकडच्या चढावर दुसरी: इथे संपला. दोन पाट्यांमधलं सगळं गाव कधीतरी पाण्याखाली होतं.

तारो गावाला १० मीटर उंच भिंत होती. २०११ साली लाट तिच्यावरून गेली. आता नवी भिंत १४.७ मीटरची आहे, आणि तिच्या पायथ्याशी सायकलस्वाराला समुद्र दिसतच नाही. तिथून दक्षिणेला आनेयोशी हे चिमुकलं खेडं. १८९६च्या लाटेत तिथले दोनच जण वाचले, १९३३मध्ये चार. मग गावकऱ्यांनी समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटरवर शिळा रोवली: हिच्या खाली घर बांधू नका. २०११मध्ये या खोऱ्यात पाणी सुमारे ४० मीटरपर्यंत चढलं, म्हणजे तेरा मजली इमारतीएवढं, आणि शिळेच्या खालीच थांबलं. वरचं एकही घर गेलं नाही.

या किनाऱ्यावर सायकल घेऊन जाणार असाल, तर वाळूवर तंबू ठोकण्याचा मोह आवरा. दिवस मावळण्याआधी ती दुसरी पाटी ओलांडा, मगच मुक्कामाची जागा शोधा.