टोकियोचं पत्र : डोन्माय!

दोन मुलांमध्ये एक बाक आणि बाकावर एक खोडरबर. दोघांचेही हात डोक्यावर. बाई एकेक शब्द म्हणतात, ॲपल, बनाना, ग्रेप्स, आणि सगळा वर्ग तो शब्द परत म्हणतो. आधी ठरलेला शब्द आला, की तोंड बंद ठेवायचं आणि खोडरबरावर झडप घालायची. ज्याच्या हाती लागलं तो जिंकला.

आमची मुलगी तिसरीत आहे. इथल्या शाळांमध्ये वर्षातून काही दिवस पालकांना वर्गात मागे उभं राहून तास पाहता येतो. आम्ही राहतो निशी-कासाईला. टोकियोच्या या पूर्व भागात भारतीयांची वस्ती मोठी, त्यात मराठी माणसंही बरीच. त्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पालकांत आम्ही तिघे-चौघे मराठी होतो. पंचेचाळीस मिनिटांत एकाही मुलानं वहीत इंग्रजीचं अक्षर काढलं नाही. शेजारचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, "अहो, हा इंग्रजीचा तास की पीटीचा?"

प्रश्न चुकीचा नव्हता. जपानच्या अभ्यासक्रमात तिसरी-चौथीच्या या तासाचं नावच मुळी 'परदेशी भाषेचे उपक्रम' असं आहे. २०११ मध्ये तो पाचवी-सहावीला सक्तीचा झाला. एप्रिल २०२० पासून तो तिसरी-चौथीला आला, वर्षाला ३५ तास. पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, ७० तासांचा. धाकट्यांना गुण नाहीत, प्रगतिपुस्तकात फक्त शेरा. भर ऐकण्याबोलण्यावर. नवा अभ्यासक्रम सुरू झाला तोही नेमका करोनात. शाळा मार्चपासूनच बंद होत्या. उघडल्या तेव्हा हातात हात घालायचा नाही, मोठ्यानं ओरडायचं नाही आणि तोंडावर मुखपट्टी. खेळातून भाषा शिकवायची त्याच वर्षी खेळावर बंदी आली.

पण एवढा खटाटोप कशासाठी? त्याचं उत्तर इथे राहिल्यावर कळतं. 'हाझुकाशी' हा जपानी शब्द लाज, संकोच आणि ओशाळेपण या तिन्हींचं काम करतो. उत्तराची खात्री नसेल तर हात वर करायचा नाही, हे मूल न शिकवताच शिकतं. हायस्कुलात सहा सहा वर्षं इंग्रजीचं व्याकरण घोटलेला माणूस स्टेशनवर परदेशी पाहुण्यानं रस्ता विचारला की घामाघूम होतो. व्याकरण त्याला येतं, चुकायची सवय मात्र नसते. खेळात लाजायला वेळच मिळत नाही. चूक झाली, हशा पिकला, पुढचा डाव सुरू.

अंगाला हलवून जिभेला वळण लावायची ही कल्पना जपानला नवी नाही. हॅरल्ड पामर हा इंग्रज भाषातज्ज्ञ १९२२ मध्ये शिक्षण मंत्रालयाचा सल्लागार म्हणून टोकियोला आला. १९२५ मध्ये त्यानं आपली मुलगी डोरोथी हिच्यासह 'इंग्लिश थ्रू ॲक्शन्स' हे पुस्तक काढलं. उठा, दार उघडा, पुस्तक उचला, अशा आज्ञा ऐकायच्या आणि पाळायच्या. पुढे साठच्या दशकात कॅलिफोर्नियातला मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यानं हीच वाट धरून 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' ही पद्धत मांडली. आधी शरीरानं उत्तर द्यावं, बोलणं मागून आपोआप येतं, हे त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत अमेरिकन लोकांना शिकवायला जी भाषा निवडली होती, ती जपानी.

पामरच्याही आधीची एक गोष्ट आहे. होरेस विल्सन नावाचा अमेरिकन मास्तर १८७२ मध्ये टोकियोतल्या आपल्या विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकवू लागला. मास्तर गेला, खेळ राहिला आणि खेळाबरोबर शब्दही राहिले. स्ट्राइक, आउट, सेफ हे शब्द इथल्या आजोबांनाही परके वाटत नाहीत. महायुद्धात 'शत्रूची भाषा' म्हणून स्ट्राइकला 'योशी' म्हणायची वेळ आली होती. युद्ध संपलं आणि स्ट्राइक परत आला. याच मैदानी इंग्रजीतून एक शब्द घडला, 'डोन्माय'. 'डोन्ट माइंड' या शब्दांचं हे जपानी रूप. कुणाच्या हातून चेंडू सुटला की बाकीचे ओरडतात, "डोन्माय!" म्हणजे असू दे, होतं असं. इंग्रज माणूस तो असा वापरणार नाही, पण चूक माफ करायला जपाननं हाच इंग्रजी शब्द निवडला.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे. खोडरबराच्या खेळाबद्दल माझी तक्रार आहे. तो जिंकायला शब्द ऐकावा लागतो, समजावा लागत नाही. 'बनाना' म्हणजे टेबल असं सांगितलं असतं तरी झडप तशीच पडली असती. त्यानंतरचा खेळ वेगळा होता. खुर्च्या गोलात, एक खुर्ची कमी, मध्ये उभं असलेलं मूल एक वाक्य म्हणतं: ज्यांना मांजर आवडतं, ज्यांनी निळे मोजे घातलेत. तसे असतील त्यांनी उठून जागा बदलायची. आपल्या संगीत खुर्चीचं हे भावंडच. इथे मात्र कळलं नाही तर उठता येत नाही, आणि बोलता आलं नाही तर मधून सुटका नाही. आमची लेक दोनदा मध्ये अडकली आणि दोन्ही वेळा स्वतः रचलेलं वाक्य म्हणून सुटली.

खेळातून भाषा शिकवणाऱ्यानं एवढी एकच कसोटी लावावी: भाषेवाचून खेळ अडतो का? अडत असेल तर तो तास इंग्रजीचा, नाहीतर पीटीचा. आणि खेळ सहावीनंतरही टिकला पाहिजे. इथे सातवीपासून प्रवेश परीक्षेची सावली पडते, बाकं पुन्हा रांगेत लागतात आणि हाझुकाशी परत येते.

महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली. आपली मुलं मात्र तिच्याशी फार आधीपासून खेळत होती. डबा ऐसपैसमधलं 'ऐसपैस' म्हणजे इंग्रजीतलं 'आय स्पाय', असं सांगतात. ते शिकवायला कुणी मास्तर आला नव्हता. खडू खाली ठेवून वर्ग पटांगणात न्यायला आपल्या गुरुजींना आणि बाईंना फार काही लागणार नाही, आणि कुणी चुकलंच तर म्हणायला 'असू दे रे' आपल्याकडे आहेच.