सलाईन, कार्ड आणि रात्रीची एकटी सिस्टर

वाराणसीतल्या मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर आमच्या यात्रेतल्या एक काकू मटकन खाली बसल्या. पहाटे चारपासून पोटात अन्नाचा कण नाही, मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतलेली. कपाळावर दरदरून घाम, हातांना कापरं, आणि विचारावं एक तर उत्तर भलतंच. "सिस्टर, जवळ कुठे दवाखाना असेल तर एक सलाईन लावून घेऊ या, ताकद येईल," कोणीतरी म्हणालं. दुसऱ्या बाईंनी प्रसादाचा पेढा पुढे केला.

ग्लुकोमीटर माझ्या पिशवीत असतोच. साखर निघाली 54, म्हणजे फारच कमी. चहावाल्याकडून तीन चमचे साखर मागून घेतली, अर्धा कुल्हड पाण्यात विरघळवली आणि घोटघोट पाजली. पेढा नाही दिला, कारण खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला उशीर होतो. काकू शुद्धीवर होत्या म्हणून तोंडावाटे देता आलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा घालायचं नसतं, त्याला थेट रुग्णालयातच न्यायचं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, 92. मग त्यांना पुरी-भाजी खायला लावली.

सलाईनने ताकद येते, हा समज मी वॉर्डात रोज ऐकते. नॉर्मल सलाईनच्या 500 मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. तोंडाने घेणं जमत नसेल, अंगातलं पाणी फार गेलं असेल किंवा औषध शिरेतून द्यायचं असेल, तेव्हा ही बाटली जीव वाचवते. पण हृदय किंवा मूत्रपिंड अधू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती हट्टाने लावली, तर तेच पाणी फुफ्फुसात साठून श्वास कोंडू शकतो.

काकू सावरेपर्यंत पायऱ्यांवर गप्पा रंगल्या. नागपूर संस्थानाचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांचं नाव या घाटाला आहे. आम्हीही नागपूरचे, म्हणून इथून कोणाचा पाय निघत नव्हता. "आता काळजी कसली, सत्तरी ओलांडली, कार्ड मिळालं, सगळं फुकट," एक आजोबा म्हणाले. आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न घालता ती लागू झाली. नागपुरात काढलेलं कार्ड वाराणसीतल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं. पण ते दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि सुटीनंतरचे पंधरा दिवस एवढाच खर्च त्यात येतो. आजोबांच्या बीपीच्या महिन्याच्या गोळ्या आणि बाह्यरुग्ण विभागातली तपासणी त्यात नाही.

आणि कार्डामुळे खाट मिळाली, तरी त्या खाटेजवळ उभं राहणारं माणूस कार्डातून येत नाही.

मला सगळ्यात जास्त लागणारा समज हाच: सिस्टर लक्षच देत नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकाऊ डॉक्टर असलेल्या मोठ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. मी चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री आठ ते सकाळी आठ एकटीने ड्युटी केली आहे, एकदा नाही, अनेकदा. 720 मिनिटं भागिले चाळीस, म्हणजे अख्ख्या रात्रीत एका रुग्णाच्या वाट्याला अठरा मिनिटं. त्यातच इंजेक्शनं, बीपी, लघवीचं माप, ताप-नाडी-श्वासाचा चार्ट आणि नवीन भरती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाजवळ कातडी लाल होते आणि मग जखम पडते. त्यालाही दोन माणसं लागतात. एका रात्री मी दोनच्या फेरीला एका आजींची कूस बदलू शकले नाही, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला झटके आले होते. सकाळी तो लाल डाग मला दिसला. तो मी विसरलेले नाही.

हात पुरेसे असले की काय होतं, तेही आपल्याच राज्यात दिसलं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 27 नोव्हेंबर 1973 रोजी त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर मे 2015 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. तोवरच्या इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, झाली नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात केली. जवळपास बेचाळीस वर्षं परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची कूस बदलली.

"पण शेवटी डॉक्टर सांगतील तेच करायचं ना तुम्ही?" आजोबांनी विचारलं. जीएनएम पदविकेची तीन वर्षं किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं शिकून, राज्य परिषदेत नोंदणी झाल्यावरच आम्ही परिचारिका म्हणून रुग्णाची जबाबदारी घेतो. लिहिलेला डोस जास्त वाटला, तर तो थांबवून डॉक्टरांना विचारणं हे आमचं काम आहे. डॉक्टरांचा राउंड काही मिनिटांत उरकतो. ओठ निळे पडायला लागले हे पहिल्यांदा दिसतं ते ड्युटीवरच्या सिस्टरला, तिला तिथे उभं राहायला उसंत असेल तर.

म्हणून आजोबांना मी एकच सांगितलं. पुढच्या वेळी तक्रार जरूर करा. पण "सिस्टर आल्या नाहीत" एवढंच लिहून थांबू नका. तारीख लिहा, पाळी लिहा, वॉर्डात किती रुग्ण होते आणि किती सिस्टर होत्या, ते मोजून आकड्यात लिहा, आणि तो कागद अधीक्षकांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या.