तिच्या नावाचं पासबुक

सुरुवात चौंडीपासून करू. जामखेड तालुक्यातल्या या गावात ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाई जन्मल्या आणि आज नगर जिल्हा त्यांच्याच नावानं ओळखला जातो. त्यांच्या सासरी, होळकरांच्या घरात, दौलतीचा खजिना वेगळा आणि राणीची ‘खासगी’ वेगळी असे. १७३४ साली सासरे मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर मिळाली, ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. देशभर त्यांनी बांधलेले घाट, विहिरी, धर्मशाळा, जीर्णोद्धार केलेली मंदिरं यांचा खर्च मुख्यतः या खासगीतून झाला. म्हणजे बाईच्या नावावर स्वतंत्र पैसा, ही कल्पना या मातीला नवी नाही. आता नगरच्या आजच्या लेकींची खासगी उघडून पाहू.

पानिपतावरून आलेलं खातं

पानिपत म्हटलं की मराठी माणसाला १७६१ आठवतं. मुलीच्या नावानं बचत करणाऱ्यांनी तिथली आणखी एक तारीख लक्षात ठेवावी: २२ जानेवारी २०१५. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ अभियान आणि सुकन्या समृद्धी खातं त्या दिवशी पानिपतात सुरू झालं. जागा मुद्दाम निवडलेली होती. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हरियाणात हजार मुलग्यांमागे फक्त ८३४ मुली होत्या, सगळ्या राज्यांत सर्वांत कमी.

अभियानाच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले दहा होते आणि त्यांत आपला नगर जिल्हा होता. २००१ मध्ये इथे हजार मुलग्यांमागे ८८४ मुली होत्या, २०११ मध्ये ८५२ उरल्या. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करून देशाला वाट दाखवणारा हा जिल्हा. ऊस वाढला, बंगले वाढले, पाळण्यातल्या मुली कमी झाल्या. हा आकडा मला आजही टोचतो, आणि म्हणूनच पोस्टात मुलीच्या नावाचं पासबुक निघालं की मला ती मोठी बातमी वाटते. नोव्हेंबर २०२४ पर्यंत देशात अशी ४.१ कोटींहून जास्त खाती उघडली गेली.

एकवीस म्हणजे कुणाची एकवीस?

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. ‘पोरगी एकवीसची झाली की पैसे मिळतात,’ असं पारावर सर्रास ऐकू येतं. तसं नाही. खात्याची मुदत एकवीस वर्षांची, आणि ती मोजायची खातं उघडल्या दिवसापासून. बारशाच्या आठवड्यात खातं काढलं तर मुलगी एकवीसची असताना रक्कम हातात येते. नवव्या वर्षी काढलं तर ती तिशीत पोचलेली असते. खातं मुलगी दहा वर्षांची होईपर्यंतच उघडता येतं. मधली सोयही आहे: दहावी पास झाली किंवा अठरा पूर्ण झाली, की शिक्षणासाठी आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिल्लकेतली निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. अठरानंतर लग्न ठरलं तर खातं मुदतीआधी बंदही करता येतं.

शेवटची सहा वर्षं फुकट

पैसे भरायचे फक्त पहिली पंधरा वर्षं. पुढची सहा वर्षं काही भरायचं नाही, व्याज मात्र चालूच. आता गंमत बघा. दरमहा १,००० रुपये भरले तर पंधरा वर्षांत खिशातून गेले १ लाख ८० हजार. ८.२ टक्के हा दर कायम राहिला असं धरलं, तर पंधराव्या वर्षाअखेर साधारण ३ लाख ४५ हजार जमतात आणि एकविसाव्या वर्षी ते सुमारे ५ लाख ५४ हजार होतात. म्हणजे नुसत्या बसून राहिलेल्या सहा वर्षांनी दोन लाखांहून जास्त मिळवले. पंधरा वर्षं घाम गाळून भरले, त्यापेक्षाही हे जास्त!

दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, तेव्हा आकडा थोडा इकडेतिकडे होणारच. योजना सुरू झाली तेव्हा दर ९.१ टक्के होता, मग ९.२ झाला, मध्ये बराच उतरला, जानेवारी २०२४ पासून ८.२ वर आला.

पाच तारखेची घाई

महिन्याचं व्याज पाच तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिल्लकेवर मिळतं. पाचला भरलं तर त्या महिन्याचं व्याज पदरात, सहाला भरलं तर गेलं. आणि ज्यांच्या हाती एकरकमी पैसा येतो त्यांच्यासाठी तर हे सोनंच आहे. उसाचं बिल जमा झालं, कांद्याची पट्टी मिळाली, त्यातले वर्षाचे १२,००० एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत एकदम टाकले, तर तेच पैसे शेवटी ५ लाख ७४ हजारांच्या घरात जातात. भरलेली रक्कम तीच, फक्त तारीख बदलली आणि वीस हजार वाढले.

अडीचशेची किंमत

सुरुवातीला वर्षाला किमान १,००० रुपये भरावे लागत. जुलै २०१८ मध्ये ती अट २५० वर आली. कमाल मर्यादा दीड लाख. एखादं वर्ष चुकलं तर ५० रुपये दंड आणि राहिलेला किमान हप्ता भरून खातं पुन्हा सुरू होतं. पाथर्डी-शेवगावकडून दिवाळीनंतर कोयता घेऊन निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबांनी हे जरूर ऐकावं: हप्ता हुकला म्हणून खातं बुडत नाही, आणि ते देशात कुठल्याही पोस्टात किंवा अधिकृत बँकेत बदलून नेता येतं.

अडीचशेवरून आठवलं. ब्रिटन सरकारनं सप्टेंबर २००२ ते जानेवारी २०११ दरम्यान जन्मलेल्या बाळांना साधारणतः २५० पौंड देऊन खाती काढून दिली. त्यांतली मोठी मुलं अठराची झाली, पण २०२४ मध्ये सहा लाखांहून जास्त खात्यांचे पैसे न्यायला कुणीच आलेलं नव्हतं. आपलं खातं आहे हे पुष्कळांना ठाऊकच नव्हतं. पासबुक कपाटात कुठे आहे ते मुलीला दाखवून ठेवा.

राज्याची ‘सुकन्या’ आधीची

केंद्राच्या आधी वर्षभर, १ जानेवारी २०१४ पासून, महाराष्ट्राची स्वतःची ‘सुकन्या योजना’ होती. दारिद्र्यरेषेखालच्या घरात मुलगी जन्मली की तिच्या नावे २१,२०० रुपये गुंतवायचे, अठराव्या वर्षी एक लाख. तिची जागा २०१६ मध्ये ‘माझी कन्या भाग्यश्री’नं घेतली आणि आता ‘लेक लाडकी’ आहे. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डाच्या घरातल्या मुलीला जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. एकूण १ लाख १ हजार. अर्ज अंगणवाडीताईंकडे.

माझा हिशोब असा: जन्माचे ते पाच हजार लगेच सुकन्या खात्यात टाकायचे. दर ८.२ राहिला तर एकवीस वर्षांत त्यांचेच २६ हजार होतात.

भावाचं काय?

सुकन्या खातं फक्त मुलींचं, एका घरात दोघींपर्यंत, जुळ्या-तिळ्यांना सवलत. मुलासाठी १९६८ पासूनचा पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) आहे, आणि सप्टेंबर २०२४ पासून दोघांसाठीही एनपीएस वात्सल्य ही पेन्शनबचतीची योजना.

सही कुणाची?

खातं आई-बाबा किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात. आजी-आजोबांनी हौसेनं उघडलेली खाती पालकांच्या नावे वळवून घ्या, अशी सूचना २०२४ मध्ये आली. खातं तारण ठेवून कर्ज मिळत नाही; ट्रॅक्टरचा हप्ता थकला तरी या पैशाला हात लागत नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलीनं स्वतःची कागदपत्रं द्यायची. मग व्यवहार तिचा, आणि पैसे काढायच्या फॉर्मवर सहीही तिचीच.