भीमकुंड : सागवनातला धबधबा

नागपूरहून अमरावती-परतवाडामार्गे चिखलदरा सुमारे २३० किलोमीटर. नागपूरची उंची जेमतेम ३०० मीटर, तर सातपुड्याच्या गाविलगड रांगेतल्या या गावाची ११०० मीटरच्या आसपास. त्यामुळे पावसाळ्यात ढग इथे अंगावरून जातात. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले आणि भीमकुंडात हात धुतले, अशी कथा आहे. कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला, असे सांगतात.

जंगल घनदाट दिसले तरी ते वर्षावन नव्हे. आंबोलीसारखी सदाहरित राई इथे नाही. हे सागाचे पानझडी रान आहे. उन्हाळ्यात पायाखाली नुसता पाचोळा कुरकुरतो, जुलैत त्याच झाडांवर ताटाएवढी पाने आणि शेंड्याला बारीक पांढरा मोहोर. कोवळे पान चुरगळले तर बोटे लाल होतात.

भीमकुंड धबधब्याचा कडा बसाल्टचा आहे. लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांपैकी मऊ थर आधी झिजतो, कठीण थर उभा राहतो आणि पाणी तिथून कोसळते. धबधब्याची सारी भिस्त पावसावर. जुलै ते सप्टेंबर तो भरात असतो, मे महिन्यात नुसता काळा कातळ उरतो. पण भर पावसात धुके उतरले की समोरची दरीच दिसत नाही, फक्त पाण्याचा आवाज येतो. कातळ तेव्हा शेवाळलेला असतो. गुळगुळीत तळव्याची चप्पल तिथे टिकत नाही.

भोवतालचा मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि तिथल्या पाड्यांवर प्रामुख्याने कोरकू बोलली जाते.